शाळेच्या बांधावरील रुई

निसर्ग-अभ्यासासाठी वनस्पती कोठून आणाव्यात, असे दर्यापूर तालुक्यातील शिक्षकबंधू व भगिनी वारंवार विचारतात. मेळघाटासारखे अरण्य येथे नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी, खारवट जमीन आणि शेतेच शेते. तथापि चंद्रभागेच्या काठापासून गावठाणातील पडक्या भिंतीपर्यंत एक बहुवर्षायू रानझुडूप सर्वत्र आढळते. ते रुईचे होय. (सरकी काढलेल्या कापसासही आपण रुईच म्हणतो. दोहोंचे साम्य नावापुरतेच आहे, हे कापसाच्या मुलखातील मुलांस आधीच सांगावे.)

रुई नांगरटीच्या शेतात सहसा टिकत नाही. धुरा, पडीक, रस्त्याची कड येथे ती फोफावते. तिचे मूळ खोल जाते, खारेपणा तिला सोसतो आणि कडू चिकामुळे गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. म्हणून जेथे चराईने बाकीचे सर्व संपले, तेथेही ती उभी दिसते.

तिचे फूल मोठे विलक्षण आहे. परागकण सुटे नसून लहान पुड्यांत बांधलेले असतात. मधासाठी आलेल्या भुंग्याचा पाय फुलातील फटीत अडकतो, तो ओढून काढताना पुड्यांची जोडी पायास चिकटते आणि दुसऱ्या फुलात पोचते. पुढे फळ उकलते व रेशमी केसांचे बी वाऱ्यावर उडते. मुले त्यासच म्हातारी म्हणतात. पानाखाली काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसल्यास वर्गास अवश्य दाखवावी. ती रुईचे विष अंगात साठविते आणि तिच्यापासून झालेले नारिंगी फुलपाखरू पक्ष्यांना नकोसे वाटते.

हे सर्व पाहावे ते मात्र हात मागे ठेवून. एका शाळेत स्वच्छतेच्या दिवशी मुलांकडून रुई तोडविली गेली आणि एका मुलाच्या डोळ्यात चीक उडाला. दुखेना, म्हणून तो काही बोलला नाही. सायंकाळी त्याला फळ्यावरील अक्षरे धूसर दिसू लागली, तेव्हा गुरुजींच्या ध्यानात आले. उपचाराने नजर पूर्ववत झाली, परंतु ते आठ दिवस गुरुजींना फार जड गेले. मीही त्या काळात दोनदा मुलाच्या घरी जाऊन आलो. या चिकाने पुष्कळदा वेदना होत नाही, हाच खरा धोका होय. चीक उडताच वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे डोळा धुवावा, चोळू देऊ नये आणि मूल तक्रार करीत नसले तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

खेळाच्या मैदानातील रुई मोठ्या माणसाकडून काढवून घ्यावी. धुऱ्यावरची राहू द्यावी. वरील शाळेने नंतर आवारातील सगळीच तोडली होती. पुढील पावसाळ्यात ती बुंध्यातून पुन्हा फुटली आणि श्रावणात तिच्या पानांखाली अळ्या होत्या.