वीस घरांच्या मंडळीवर पीएच.डी. होते का? नगर जिल्ह्याचं उदाहरण घेऊन थोडं समजून घेऊ



विज्ञान शाखेतून संशोधनाकडे वळलेल्या आपल्यासारख्यांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो म्हणजे ‘सॅम्पल किती?’ त्यामुळे कोणी म्हणालं की मी एका खेड्यातल्या वीस-पंचवीस घरांच्या ख्रिस्ती मंडळीची उपासना आणि सामूहिक जीवन अभ्यासणार आहे, तर लगेच शंका येते की एवढ्यावरून सिद्ध काय होणार? शंका रास्त आहे, पण ती चुकीच्या जागी विचारली जाते. अशा अभ्यासातून ‘किती टक्के लोक असं करतात’ हे कळत नाही. ‘ही गोष्ट कशी घडते आणि टिकते’ हे कळतं. म्हणजे हा सर्व्हे नाही, ही केस स्टडी आहे. दोन्हींचे नियम वेगळे असतात.

आज अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यांचं उदाहरण घेऊन हे नियम बघू.

1. पाटी वाचा, पण पाटीवर थांबू नका

‘छोटी ग्रामीण मंडळी’ या विषयावर वाचायला घेतलं की इंग्रजी साहित्यात मेनोनाइट मंडळ्या हमखास भेटतात. सोळाव्या शतकात युरोपात सुरू झालेल्या या पंथात समजत्या वयात, स्वतःच्या कबुलीने बाप्तिस्मा घेतात, शस्त्र न धरण्यावर भर असतो आणि स्थानिक मंडळीला मोठं महत्त्व असतं. भारतात त्यांचं जुनं केंद्र आहे धमतरी, आताच्या छत्तीसगडमध्ये. दुष्काळातल्या मदतकार्यापाठोपाठ 1899 मध्ये त्यांचे मिशनरी तिथे आले.

नगर जिल्ह्याची गोष्ट वेगळी आहे. इथे 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशनने ठाणं उघडलं आणि 1833 मध्ये नगरला मंडळी स्थापन झाली. हे मिशनरी मुख्यतः काँग्रिगेशनल परंपरेतले. या परंपरेत लहान बाळांचाही बाप्तिस्मा होतो, पण मंडळीचा कारभार मंडळीनेच चालवायचा हे तत्त्व पक्कं असतं. पुढे या मंडळ्या 1924 च्या सुमारास युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेल्या आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा भाग झाल्या. तिथे बिशप आहेत, डायोसीज आहे.

आता बघा, पाटीवर ‘सी.एन.आय.’ एवढंच लिहिलेलं असतं. पण आतली सवय काँग्रिगेशनल असू शकते, म्हणजे ‘आमचं आम्ही ठरवू’ अशी. पाळक साहेबांची बदली वरून झाली आणि मंडळीला ती पटली नाही, तर जो ताण तयार होतो तो समजायला हा इतिहास लागतो. म्हणून कुठल्याही मंडळीबद्दल तीन प्रश्न आधी विचारा: बाप्तिस्मा कोणाला आणि कधी? निर्णय कोण घेतं? पैसा कुठून येतो? या तीन उत्तरांवरून मंडळीची घडण कळते. नाव त्यानंतर बघितलं तरी चालतं.

2. उपासना म्हणजे डेटा

रविवारची उपासना दीड-दोन तास चालते. प्रार्थना, गीतं, शास्त्रवाचन, संदेश, अर्पण, ठरलेल्या रविवारी प्रभुभोजन. नवखा संशोधक वहीत सगळा संदेश उतरवून घेतो आणि गीतांपुढे फक्त ‘गाणी झाली’ असं लिहितो. नगर जिल्ह्यात तर सर्वात श्रीमंत डेटा गीतांतच आहे.

कारण असं. सुरुवातीची बरीच मराठी ख्रिस्ती गीतं पाश्चात्त्य चालींवर बेतलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगर भागातल्या ख्रिस्ती लोकांनी कीर्तनाचा साचा उचलला. कृष्णराव सांगळे हे त्यातलं मोठं नाव. पद, निरूपण, कथा, टाळ आणि वाद्यं, सगळं हरिकीर्तनाच्या वळणाचं, कथा मात्र बायबलमधली. त्यानंतर रेव्ह. नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी अभंग, ओवी आणि पदांच्या रूपात विपुल लिहिलं. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांचा मोठा काळ नगर आणि राहुरी भागात गेला. मंडळ्यांमध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात त्यांची गीतं मोठ्या संख्येने आहेत. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. देशी वळणाची, चर्चच्या भिंतींबाहेरही पोचणारी ख्रिस्तभक्ती त्यांना हवी होती. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलंत तर या भागातलं घर, दुष्काळ, जातीचे काच आणि मिशनचं वातावरण हे सगळं आतून दिसतं.

मग रविवारी वहीत काय नोंदवायचं? गीत पुस्तकातून म्हटलं की तोंडपाठ? सुरुवात कोणी केली, पाळकांनी, तरुणांनी की मागे बसलेल्या एखाद्या आजींनी? चाल पाश्चात्त्य की भजनाची? पेटी-ढोलकी आहे की की-बोर्ड? कोणत्या गीताला आवाज वाढला? आठ-दहा रविवार हे नोंदवलं की नमुना दिसायला लागतो.

मात्र एक सावधगिरी हवी. गीताचा उगम आणि आजचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अभंगाची चाल ऐकू आली की ‘हा वारकरी प्रभाव’ असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. पण गाणाऱ्या बाईंसाठी ते फक्त ‘आमच्या आईचं गाणं’ असू शकतं. उगम दप्तरखान्यात सापडतो. अर्थ मात्र माणसांना विचारावा लागतो.

3. कधी गेलात यावर काय दिसेल हे ठरतं

शेवगाव, पाथर्डी, जामखेड या पट्ट्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे घर सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. समजा तुम्ही जानेवारीत गेलात आणि मंदिरात म्हातारी माणसं आणि थोडी मुलंच दिसली. ‘मंडळी म्हातारी होत चालली आहे’ असा निष्कर्ष काढाल का? तुम्ही मोजलात तो ऋतू होता. उलट नाताळात पुण्या-मुंबईला गेलेली कुटुंबं गावी येतात, तेव्हा मंडळी दुप्पट वाटेल. प्रयोगशाळेत आपण एका वेळेच्या रीडिंगवर विश्वास ठेवत नाही. इथेही तोच नियम. निदान एक पूर्ण वर्ष, पेरणी ते पेरणी, धरून चाला. हंगामाच्या सणाला शेतमालाचं अर्पण येतं, तेव्हा कोण काय आणतं हेही बघा. मंडळीचं अर्थकारण त्या दिवशी डोळ्यांसमोर असतं.

4. आकडे असे का दिसतात?

आता सर्वात नाजूक मुद्दा. जनगणनेत अनुसूचित जातींची संख्या गावपातळीवर मिळते, पण धर्माची आकडेवारी तालुका आणि शहर पातळीपर्यंतच प्रसिद्ध होते. त्यामुळे ‘या गावात ख्रिस्ती किती’ याचं सरकारी उत्तर सहज मिळत नाही. आणि मिळालं तरी जपून वापरावं लागेल.

का? नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत मिशनच्या मंडळ्या वाढल्या त्या मुख्यतः महार आणि मांग समाजांत. 1876–78 च्या दुष्काळानंतर ही वाढ ठळक झाली. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, 1950 नुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही बाहेर आहेत. या प्रश्नाचा विचार करायला 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला.

याचा परिणाम असा की एकाच माणसाची कागदावरची ओळख आणि रविवारची ओळख वेगळी असू शकते. आपण त्याला ‘खोटेपणा’ म्हणायला बसलो तर संशोधन तिथेच संपलं. जातीचा जाच धर्म बदलून संपत नाही, आणि मुलाची शिष्यवृत्ती किंवा नोकरी मात्र त्या एका कागदावर अवलंबून असते. कुटुंबं या पेचातून वाट काढत असतात.

5. म्हणून तुमची वही धोकादायक असू शकते

उपासनेला कोण बसलं याची नावानिशी यादी तुमच्या दृष्टीने डेटा आहे. चुकीच्या हाती पडली तर ती कोणाच्या तरी जात प्रमाणपत्रावरची तक्रार होऊ शकते. वीस घरांच्या मंडळीत फक्त नावं बदलून भागत नाही. ‘तालुक्यातल्या अमुक रस्त्यावरचं गाव, निवृत्त मुख्याध्यापक असलेले पंच’ एवढं लिहिलं की गावातलं शेंबडं पोरही ओळखेल.

मग करायचं काय?

– हजेरी संख्येत नोंदवा, नावात नाही.
– बाप्तिस्म्याचं रजिस्टर पाळकांनी दाखवलं, तरी त्याचा फोटो काढू नका. पाळकांची परवानगी म्हणजे त्यातल्या प्रत्येक कुटुंबाची परवानगी नव्हे.
– जात आणि दाखल्याबद्दलचे प्रश्न गटात विचारू नका. विचारायचेच असतील तर तुमच्या संशोधन प्रश्नाला त्यांची खरंच गरज आहे का, हे आधी मार्गदर्शकांशी बोला.
– तपशील ओळखू येत असेल तर तो प्रबंधातून गाळा. तपशील गेल्याने प्रकरण थोडं फिकं होईल. होऊ द्या.

6. जुनी कागदपत्रं कुठे?

1842 मध्ये सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’चे जुने अंक हा मोठा ठेवा आहे. मिशनचे वार्षिक अहवाल छापील आहेत, आणि अमेरिकन बोर्डाची पत्रं हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. पण अहवाल लिहिणाऱ्याला देणगीदारांना खूश ठेवायचं असायचं, हे विसरू नका. अहवालात ‘बायबलबाई’ एका ओळीत येतात, खेड्यातल्या घराघरांत मात्र त्याच पोचत होत्या. कागदात जे एका ओळीत आटोपलंय, ते गावातल्या वृद्ध बायकांकडे तासभर ऐकायला मिळू शकतं.

तर, वीस घरांवर पीएच.डी. होते का? होते, जर तुमचा प्रश्न ‘किती’ऐवजी ‘कसं’ असा असेल, आणि तुम्ही गाव सोडल्यावर त्या वीस घरांचं काही बिघडणार नसेल तर. सिनॉप्सिस लिहायला घेण्याआधी या दोन्ही अटी एका कागदावर लिहून समोर ठेवा. दुसरी अट पाळता येत नसेल तर प्रश्न बदला.