पाचोळा उडवण्याआधी बॅटरी मोजा

बॅटरीवर चालणाऱ्या लीफ ब्लोअरच्या खोक्यावर जो आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो, तोच बहुतेक वेळा सर्वांत कमी कामाचा असतो. कुठे ‘२१ व्होल्ट’, कुठे ‘ताशी २०० किलोमीटर’, कुठे नुसतंच ‘टर्बो’. अंगणातला पाचोळा कोपऱ्यात जमा होईपर्यंत बॅटरी टिकेल का, हे त्यावरून कळत नाही. ते कळायला दुसरेच दोन आकडे लागतात. एक, वाऱ्याचा जोर न्यूटनमध्ये. दोन, बॅटरीतली ऊर्जा वॉट-अवरमध्ये. पहिला माहितीपत्रकात शोधावा लागतो आणि दुसरा अनेकदा आपल्यालाच गुणाकार करून काढावा लागतो.

हे यंत्र खरं अमेरिकी उपनगरांतलं. तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात मेपल आणि ओकची पानं काही आठवड्यांत एकदम गळतात, हिरवळीवर त्यांचा जाड थर साचतो आणि तो हलवला नाही तर खालचं गवत गुदमरतं. न्यू जर्सीत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना घराबरोबर हे कामही मिळतं. तिथे अनेक वर्षं पेट्रोलच्या ब्लोअरचं राज्य होतं. जुन्या स्कूटरमध्ये असायचं तसं त्यात टू-स्ट्रोक इंजिन असतं. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं आणि त्यातला बराच भाग न जळताच धुराबरोबर बाहेर पडायचा. कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाच्या हिशेबानुसार व्यावसायिक वापरातला असा ब्लोअर तासभर चालला, तर धुरक्याला कारण होणारं जेवढं प्रदूषण होतं, तेवढं एका नव्या मोटारीनं लॉस एंजेलिस ते डेन्व्हर हे सुमारे १,१०० मैलांचं अंतर कापल्यावर होतं.

आवाजाची तक्रार तर त्याहून जुनी. कॅलिफोर्नियातल्या कार्मेल-बाय-द-सी या छोट्या गावानं १९७५ मध्येच ब्लोअरवर बंदी घातली. राजधानी वॉशिंग्टनमध्ये १ जानेवारी २०२२ पासून पेट्रोलच्या ब्लोअरचा वापर आणि विक्री दोन्ही बंद झाली. कॅलिफोर्नियानं २०२१ मध्ये कायदा करून २०२४ पासून अशा छोट्या इंजिनांच्या नव्या यंत्रांची विक्री थांबवायचं ठरवलं. या रेट्यामुळे कंपन्यांनी बॅटरीच्या यंत्रांवर मेहनत घेतली. तीच यंत्रं आणि त्यांच्या स्वस्त नकला आता ऑनलाइन बाजारातून पुण्या-नाशिकच्या बंगल्यांत आणि अलिबाग-लोणावळ्याच्या सुट्टीच्या घरांत येत आहेत. आपली झाडं, आपली जमीन आणि आपला उन्हाळा मात्र वेगळा आहे. म्हणून निवडही वेगळी हवी.

वारा किती आणि वेग किती

ब्लोअर दोन गोष्टी करतो. तो दर मिनिटाला ठरावीक हवा ढकलतो आणि त्या हवेला ठरावीक वेग देतो. अमेरिकी पत्रकावर हवेचं माप सीएफएममध्ये, म्हणजे दर मिनिटाला किती घनफूट, असं असतं आणि वेग ताशी मैलांत. आपल्याकडच्या पत्रकांत घनमीटर आणि मीटर प्रति सेकंद सापडतात.

नळीचं तोंड अरुंद केलं की वेग वाढतो, पण हवा कमी होते. रुंद केलं की उलट. इथेच विक्रेत्याची चलाखी चालते. वेग छापताना अरुंद तोंड लावून मोजायचा आणि हवा छापताना तेच तोंड काढून मोजायची. दोन्ही आकडे खरे असतात, पण ते एकाच वेळी मिळत नाहीत.

दोन्हींचा मेळ घालणारं माप म्हणजे न्यूटन. ते पत्रकात नसेल तर स्वतः काढता येतं. दर मिनिटाचे घनमीटर गुणिले दर सेकंदाचे मीटर, भागिले ५०. समजा, एक छोटा ब्लोअर मिनिटाला ३ घनमीटर हवा सेकंदाला ७५ मीटर वेगानं सोडतो. त्याचा जोर झाला साडेचार न्यूटन. दुसरा मिनिटाला १४ घनमीटर हवा ५४ मीटर वेगानं सोडतो. त्याचा जोर १५ न्यूटनच्या आसपास. जास्त वेगाची जाहिरात करणारा पहिला ब्लोअर प्रत्यक्षात तिप्पट दुबळा निघाला. १५ न्यूटन म्हणजे जवळपास दीड किलो वजनाइतका रेटा. तेवढाच रेटा उलट दिशेनं आपल्या मनगटावरही येतो, हे विसरू नये.

मग वेगाला अर्थच नाही का? आहे, पण तो झाडावर अवलंबून आहे. सागाचं पान मोठं आणि सुकल्यावर कडक. त्याला हवेचा रुंद लोट लागतो. वेगाची बारीक धार एखाददुसरं पान उडवते आणि बाकीची जागची हलत नाहीत. देशी बदामाची जाड, चामड्यासारखी पानं, आंबा, फणस हेही याच गटातले. याउलट गुलमोहर, चिंच, रेन ट्री यांच्या बारीक पानांचा चुरा पेव्हर ब्लॉकच्या फटींत जाऊन बसतो आणि तो उपसायला वेगच लागतो. अंगणात दोन्ही प्रकार असतील तर नळीची तोंडं बदलता येणारं यंत्र घ्यावं. पावसाळ्यात फरशीला चिकटलेल्या ओल्या पानांपुढे मात्र घरगुती बॅटरीचे बहुतेक ब्लोअर हात टेकतात. तिथे खराटाच बरा.

१८, २० आणि २१ व्होल्ट

दुकानात १८, २० आणि २१ व्होल्टची यंत्रं शेजारीशेजारी दिसतात आणि ग्राहकाला वाटतं, २१ म्हणजे जास्त दमदार. प्रत्यक्षात तिन्हींत बहुधा पाचच लिथियम-आयन सेल एका ओळीत जोडलेले असतात. असा एक सेल सरासरी ३.६ व्होल्ट देतो, म्हणून पाचांचे झाले १८. चार्ज करून काढल्यावर सुरुवातीला तो ४ व्होल्ट धरला तर २० आणि चार्जिंगची वरची मर्यादा ४.२ धरली तर २१. अमेरिकेत ‘२० व्होल्ट मॅक्स’ म्हणून विकली जाणारी आणि युरोपात १८ व्होल्टची म्हणून विकली जाणारी बॅटरी आतून सारखीच असू शकते. याच न्यायानं ‘४० व्होल्ट मॅक्स’ म्हणजे ३६ व्होल्ट.

खरी विचारायची गोष्ट वॉट-अवर. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर केलं की ती मिळते. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ७२ वॉट-अवर. ३६ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची म्हणजे १८०. पाण्याच्या टाकीत किती लिटर मावतात, हे सांगणारा हा आकडा आहे आणि व्होल्ट फक्त टाकी किती उंचावर आहे तेवढं सांगतो.

अनोळखी नावाच्या स्वस्त बॅटऱ्यांवर कधी ‘४८ व्हीएफ’, ‘९८ व्हीएफ’ अशी अक्षरं असतात. ही व्होल्टची एककं नव्हेत, त्यांना तांत्रिक अर्थच नाही. अशी बॅटरी पारखायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. या बॅटऱ्यांत सर्रास वापरला जाणारा १८६५० आकाराचा सेल साधारण ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो आणि त्यातला उत्तम सेलही साडेतीन अँपिअर-अवरच्या आसपास थांबतो. म्हणजे अशा पाच सेलांच्या बॅटरीत फार तर ६३ वॉट-अवर मावतात. अख्खी बॅटरी साडेतीनशे ग्रॅमची आणि वर १५,००० मिलीअँपिअर-अवर लिहिलेलं असेल, तर तो आकडा खोटा समजावा.

मग जास्त व्होल्टचा फायदा काय? ब्लोअर हे बॅटरी झपाट्यानं संपवणारं यंत्र आहे. ड्रिल थांबत थांबत चालतं, ब्लोअर सलग ओढत राहतो. ५०० वॉट काढायचे तर १८ व्होल्टच्या बॅटरीतून जवळपास २८ अँपिअर प्रवाह सतत वाहतो. ३६ व्होल्टला तो निम्म्यावर येतो आणि तारा-जोडांतली उष्णता बरीच घटते. त्यामुळे पाच-सात मिनिटांच्या कामाला १८ व्होल्ट पुरेत, पण पंधरा-वीस मिनिटांच्या सलग कामाला ३६ किंवा त्यावरचं यंत्र जास्त टिकतं. १८ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकदम लावायची सोय असलेली यंत्रंही मिळतात.

वेग अर्धा, खर्च आठवा हिस्सा

पंख्याचं एक गणित ब्लोअर वापरणाऱ्याच्या फार उपयोगाचं आहे. हवेचा वेग दुप्पट करायला शक्ती दुप्पट नाही, आठपट लागते. वर सांगितलेल्या १५ न्यूटनच्या यंत्रात नुसत्या हवेत चारशे वॉट जातात. मोटर आणि पंख्यातली गळती धरली तर बॅटरीतून सात-आठशे. १८० वॉट-अवरची बॅटरी पूर्ण वेगात पंधरा मिनिटांच्या आत संपते. पत्रकावर मात्र ‘७५ मिनिटं’ असं लिहिलेलं असू शकतं आणि तेही खोटं नसतं, कारण ते सर्वांत कमी वेगाचं असतं.

वेग अर्धा केला तर हवेतला खर्च आठव्या हिश्श्यावर येतो. गळतीमुळे वेळ नेमका आठपट वाढत नाही, तरी कितीतरी वाढतो. फरशीवरची सुकी पानं हलवायला तेवढा वेग पुरतोही. म्हणून बोटाच्या दाबानं वेग कमी-जास्त होणारा ट्रिगर ही चैन नव्हे, गरज आहे. नुसतं चालू-बंद बटण असलेलं यंत्र घेऊ नये. मोटर ब्रशलेस असावी. ती कमी ऊर्जा वाया घालवते आणि तिच्यात झिजणारे कार्बन ब्रश नसतात.

आपल्याकडे पानगळ आणि ऊन हातात हात घालून येतात. विदर्भात तर उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. साधारण त्याच तापमानाला लिथियम सेलची चार्जिंगची मर्यादा येते. चांगला चार्जर गरम बॅटरी चार्ज करायला नकार देतो, साधा चार्जर तसाच करतो आणि सेलचं आयुष्य घटतं. काम सकाळी उरकावं, बॅटरी सावलीत निवू द्यावी आणि मगच चार्जरला लावावी. गाडीच्या डिकीत ती ठेवू नये. चार महिने वापर नसेल तर निम्मी भरलेली ठेवावी. जुनी झाल्यावर घंटागाडीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे.

आवाज, धूळ आणि शेजारी

बॅटरीचा ब्लोअर शांत असतो, हे अर्धसत्य आहे. अमेरिकी पत्रकावरचे डेसिबल ५० फुटांवरून मोजलेले असतात आणि आपल्या वसाहतीत शेजाऱ्याची खिडकी बारा-पंधरा फुटांवर असते. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज सुमारे सहा डेसिबलनं वाढतो. म्हणजे कागदावरचे ६२ डेसिबल बारा फुटांवर ७४ होतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. युरोपीय पत्रकांवर यंत्राची ध्वनिशक्ती छापतात, ती नव्वदीच्या घरात असते. त्यामुळे एका पद्धतीचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहू नये. चालवणाऱ्यानं कानांवर आवरण आणि डोळ्यांवर चष्मा घालावा.

धुळीचा प्रश्न आपल्याकडे आवाजाहून मोठा आहे. अमेरिकी अंगण हिरवळीनं झाकलेलं असतं, आपलं बहुधा उघड्या मातीचं. सुक्या मातीवर ब्लोअर फिरवला की पानांआधी माती उडते. सारवलेल्या अंगणावर, कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीवर तो चालवूच नये. त्याची खरी जागा फरशी, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक, गच्ची, पत्र्याचं छप्पर आणि पन्हळ. खडीवरही तो कामाचा, फक्त वेग कमी हवा. जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयानं २०१९ मध्ये पाचोळ्यातल्या कीटकांसाठी हे यंत्र शक्यतो टाळण्याचा सल्ला दिला होता. तो आपल्या झाडांच्या बुंध्यांनाही लागू पडतो. तिथला पाचोळा हे आच्छादन आहे, ते उडवायचं कशाला? फरशीवरचा गोळा करून बुंध्याशी नेऊन टाकावा किंवा खताच्या खड्ड्यात. जाळायचा तर अजिबात नाही. घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांनीच त्याला मनाई केली आहे.

अमेरिकेतून मागवावा का?

मुलगा किंवा भाचा सुट्टीला येताना ब्लोअर आणतो म्हणाला, तर आधी बॅटरी विचारावी. प्रवासी विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची सुटी बॅटरी हातातल्या बॅगेत चालते. १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. त्यावर सरळ मनाई. सुटी बॅटरी चेक-इन बॅगेत तर टाकताच येत नाही. तिथला लोकप्रिय ५६ व्होल्टचा ब्लोअर पाच अँपिअर-अवरच्या बॅटरीसह आणायचा, तर ती २८० वॉट-अवरची. शिवाय तिथले बरेच चार्जर फक्त १२० व्होल्टच्या विजेवर चालतात. आपल्या २३० व्होल्टला लावले की जळतात.

कुणी कोणता घ्यावा?

गच्ची, पोर्च, हजारेक चौरस फुटांची फरशी एवढंच असेल तर १८ व्होल्टचा, चार-पाच न्यूटनचा ब्लोअर आणि ७० वॉट-अवरची बॅटरी पुरे. दोन-तीन गुंठ्यांचा बंगला, भोवती आंबा-बदाम आणि बरीचशी जागा पेव्हर ब्लॉकची असेल तर १० ते १२ न्यूटन आणि दीडशे-दोनशे वॉट-अवर. फार्महाउसला लांब रस्ता आणि सागाची रांग असेल तर १५ न्यूटनच्या वर आणि दुसरी बॅटरी आधीच धरून हिशेब. बॅटरीसह वजन तीन किलोच्या पुढे गेलं तर यंत्र हातात धरून, नळी खाली झुकवून पाहिल्याशिवाय घेऊ नये. अंगण बहुतांश मातीचं असेल तर घेऊच नये.

बॅटरी आणि चार्जरची किंमत अनेकदा नुसत्या यंत्राच्या बरोबरीनं असते. म्हणून घरात एखाद्या कंपनीचं बॅटरीचं ड्रिल असेल, तर त्याच मालिकेतला, बॅटरीशिवाय मिळणारा ब्लोअर आधी पाहावा. मालिका नीट तपासावी. बॉशच्या हिरव्या आणि निळ्या यंत्रांच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्यासुद्धा एकमेकांना चालत नाहीत. दुकानात जाताना तीन गोष्टी बरोबर न्याव्यात: अंगणाचं माप, झाडांची नावं आणि घरातल्या ड्रिलची बॅटरी.