रिपोर्ट कुणाचा, सांगायचं कुणाला?

गाठीचा तुकडा तपासायला दिला, काही दिवसांनी रिपोर्ट आला आणि तो कॅन्सरचा निघाला, की पुढे बहुतेक घरांत काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. बाईला बाहेर बाकावर बसवतात. नवरा नाहीतर मुलगा आत जातो. “तिला काही सांगू नका डॉक्टर, ती हाय खाईल,” असं आत बोलून होतं, आणि बाहेर येऊन सांगतात, “साधी गाठ आहे, काढून टाकू.”

यामागे माया असते, हे आम्हाला मान्य आहे. पण ही लपवाछपवी टिकत नाही. केस गळायला लागतात, शेजारच्या खाटेवरची बाई बोलून जाते, दवाखान्याच्या पाटीवरचं नाव वाचता येतं. बाईला कळतंच. मग घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून ती काही माहीत नसल्यासारखं दाखवते, घरचे तिच्यासमोर हसत राहतात, आणि एकमेकांशी खरं बोलायची वेळ असते तेव्हाच बोलणं बंद पडतं.

पूर्वी डॉक्टरही गप्पच बसत. १९६१ साली अमेरिकेत शिकागोच्या एका रुग्णालयात पाहणी झाली, तेव्हा सुमारे नव्वद टक्के डॉक्टर म्हणाले, आम्ही पेशंटला कॅन्सर असल्याचं शक्यतो सांगत नाही. १९७९ साली अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका पाहणीत सत्त्याण्णव टक्के म्हणाले, सांगतो. अवघ्या अठरा वर्षांत इतका फरक! उपचार सुधारले होते, आणि पेशंटच्या हक्काबद्दल लोक बोलू लागले होते.

पण सांगायचं कसं? त्याचीही एक रीत आहे. २००० साली काही कॅन्सरतज्ज्ञांनी ती सहा पायऱ्यांत मांडली आणि आज अनेक ठिकाणी डॉक्टरांना ती शिकवतात. आधी निवांत जागा बघायची, पेशंटसमोर बसायचं, तिला हवं ते माणूस जवळ घ्यायचं. मग विचारायचं, “ताई, तुम्हाला या आजाराबद्दल आतापर्यंत काय सांगितलंय?” त्यानंतरचा प्रश्न आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो: “तुम्हाला सगळं ऐकायचंय, की थोडक्यात सांगू?” एखादी म्हणेल, माझ्या मुलाशी बोला. तेही चालेल, कारण ते तिने ठरवलं. मग “बातमी चांगली नाही” अशी कल्पना देऊन सोप्या शब्दांत, थोडं थोडं सांगायचं. ती रडली तर घाईने धीर देत सुटायचं नाही, थांबायचं. शेवटी पुढच्या उपचारांचं बोलायचं. सरकारी दवाखान्यात बाहेर रांग लागलेली असताना हे सगळं जमणं अवघड, हे आम्हीही पाहतो. पण “तुम्हाला किती ऐकायचंय” एवढं विचारायला वेळ लागत नाही.

कायद्याची बाजूही ऐका. एक बाई बेशुद्ध असताना तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी तिची गर्भपिशवी काढली. तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. २००८ साली न्यायालयाने सांगितलं की सज्ञान, समजत्या बाईसाठी तिच्या आईची संमती चालणार नाही. जिवावर बेतलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे ऑपरेशनच्या कागदावर सही तुमची, आणि सही करायची तर आजार काय, उपचार कोणता, त्यात धोका काय, हे तुम्हाला आधी कळायला हवं.

तेव्हा पहिल्याच तपासणीला डॉक्टरांना सांगून ठेवा, “रिपोर्ट आला की मला सांगा, माझ्या बहिणीसमोर सांगा.” जिच्यावर विश्वास आहे तिला सोबत न्या, कारण ‘कॅन्सर’ शब्द कानावर पडल्यावर पुढचं फारसं डोक्यात शिरत नाही, ती लिहून घेईल. न कळलेलं पुन्हा विचारा, दुसऱ्या दिवशी विचारलं तरी चालतं. रिपोर्टची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर लॅबमधून तुकड्याच्या काचा आणि मेणाचा ठोकळाही मागून घ्या. त्यांना स्लाइड आणि ब्लॉक म्हणतात. मोठ्या रुग्णालयात अनेकदा आधी तेच मागतात.