राजाजींचा बाजार, राजाजींचा धर्म

खुल्या बाजाराचं नाव निघालं की आपल्याला १९९१ आठवतं. पण या प्रश्नावरची मूळ वैचारिक झुंज त्याच्या तीस वर्षं आधीची, आणि तिचे दोन मुक्काम महाराष्ट्रात आहेत. जानेवारी १९५९ मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात सामुदायिक सहकारी शेतीचा ठराव झाला. आता सरकार शेतकऱ्याच्या बांधापर्यंत येणार, ही धास्ती घेऊन चक्रवर्ती राजगोपालाचारींनी जूनमध्ये मद्रासला स्वतंत्र पक्षाची घोषणा केली. ऑगस्टमध्ये पक्षाचं तयारीचं अधिवेशन मुंबईत भरलं. राजाजी तेव्हा ऐंशी वर्षांचे होते.

‘परमिट-लायसन्स-कोटा राज’ हा शब्दप्रयोग त्यांनीच रूढ केला. त्यांचा आक्षेप मुळात नैतिक होता. कारखान्याचं नशीब मंत्रालयातल्या सहीवर ठरू लागलं की कारखानदार गिऱ्हाइकाला विसरतो आणि दिल्लीचे उंबरठे झिजवू लागतो. देणारा आणि घेणारा, दोघंही बिघडतात. बाजार मोकळा हवा तो माणसाची नियत शाबूत राहावी म्हणून, आणि त्या मोकळ्या माणसाला आवर घालायला धर्म हवा, अशी ही मांडणी. ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ लिहिणारा ॲडम स्मिथही ग्लासगोला नीतिशास्त्राचाच प्राध्यापक होता. १७५९ सालचा त्याचा पहिला ग्रंथ नैतिक भावनांवर आहे. आपले बाजारवादी तो फारसा उघडत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

पक्षात सगळे या मताचे नव्हते. मिनू मसानी मुंबईचे, एकेकाळचे समाजवादी. त्यांना उदारमतवाद पुरेसा होता. शिवाय संस्थानिक होते, जमीनदार होते. एकवीस कलमी कार्यक्रमाबाहेरच्या प्रश्नांवर सदस्यांना मतस्वातंत्र्य होतं, म्हणून ही मोट बांधली गेली. १९६७ मध्ये ४४ खासदारांसह हा लोकसभेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला. १९७१ ला आठच उरले, आणि १९७४ मध्ये पक्ष भारतीय लोकदलात विरून गेला.

खरी अडचण राजाजींच्या स्वतःच्या कारभारात दिसते. १९३७ मध्ये मद्रास प्रांताचे प्रधान असताना त्यांनी सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली. अबकारी बुडाली, ती भरून काढायला १९३९ मध्ये विक्रीकर बसवला. नीतीसाठी त्यांनी बाजाराला खुशाल वेसण घातली. मला यात विसंगती वाटत नाही. नफ्यापेक्षा घर सावरणं मोठं, हे त्यांनी उघडपणे मानलं होतं.

मद्रासचे मुख्यमंत्री असताना त्यांनी आणलेली १९५३ ची शाळायोजना मात्र मला कधीच पटलेली नाही. खेड्यातल्या मुलानं तीन तास शाळेत बसायचं आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकायचा. कुंभाराच्या पोरानं चाक फिरवायचं, चांभाराच्या पोरानं कातडं कापायचं. लायसन्स नाकारणाऱ्या नेत्यानं जन्माचं लायसन्स मुलांच्या हाती ठेवलं. द्रविड चळवळीनं रान उठवलं, राजाजी १९५४ मध्ये पायउतार झाले आणि कामराजांनी योजना गुंडाळली. परंपरा माणसाला संयम शिकवते हे खरं. तीच परंपरा त्याची पायरीही ठरवून टाकते. राजाजींनी या दोन्हींत निवड केली नाही.

ती निवड महाराष्ट्रात शेतकरी नेते शरद जोशींनी केली. १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनापासून त्यांचं मागणं एकच, रास्त भाव आणि शेतमालाला मोकळी वाट. १९७२ पासून एकाधिकार खरेदी योजनेत कापूस फक्त सरकारी केंद्रावर घालायचा होता. गाड्यांच्या रांगा, ग्रेडरची मर्जी, हप्त्याहप्त्यानं चुकारे, आणि सीमेपलीकडे माल न्यावा तर झोनबंदी. हे ज्यानं भोगलं त्याला बाजाराचं स्वातंत्र्य पुस्तकातून शिकावं लागलं नाही. पण जोशी तिथेच थांबले नाहीत. लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात त्यांनी शेतकऱ्याला स्वखुशीनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर चढवायला सांगितलं. कायद्याची सक्ती नाही, सरकारचं अनुदान नाही. बाजारवाद्यानं घरातल्या अन्यायाचाही हिशेब मागितला, म्हणून मी या कार्यक्रमाला स्वतंत्र पक्षाच्या साऱ्या जाहीरनाम्यांपेक्षा वरचं स्थान देतो.

१९९४ मध्ये जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. त्याआधीच, १९८९ मध्ये, लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झाली होती: नोंदणी हवी असलेल्या प्रत्येक पक्षानं समाजवादावर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं. म्हणजे मुक्त बाजार मानणाऱ्यानं राजकारणाची सुरुवातच खोट्या शपथेनं करायची. ही अट आजही कायद्यात आहे आणि ती काढून टाकली पाहिजे.