प्रवासी बोटीवरून पक्षी मोजायचे कसे?



हिवाळ्यात गेटवेहून मांडव्याला बोटीने गेलात, की बोटीमागे पांढऱ्या पक्ष्यांचा थवा लागतो. हे कुरव पक्षी. आपण त्यांना सरसकट सीगल म्हणतो. मुलांना विचारा, "किती आहेत?" मुलं पटापट मोजून सांगतील, "पन्नास!" पण या समुद्रात एरवी किती पक्षी असतात हे शोधायचं असेल, तर हे पन्नास त्यात धरायचे नसतात. का, ते पाहू या.

प्रवासी बोटच का?

पाहणीसाठी खास जहाज नेणं फार खर्चाचं काम. प्रवासी बोट मात्र ठरलेल्या मार्गाने पुन्हा पुन्हा जातेच. म्हणून ब्रिटनमध्ये २००१ साली सुरू झालेली 'ऑर्का' ही संस्था फेरीबोटींवर प्रशिक्षित स्वयंसेवक पाठवते. इंग्लंडहून स्पेनला जाताना लागणाऱ्या बिस्केच्या उपसागरात ते देवमासे आणि डॉल्फिन यांच्या नोंदी करतात. मार्ग तोच असल्यामुळे यंदाच्या नोंदींची मागच्या वर्षाशी तुलना करता येते. मात्र त्यासाठी मोजायची रीतही दर वेळी तीच हवी.

पक्षी मोजायची रीत

१. बोटीची एकच बाजू निवडा, शक्यतो जिथे उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत नाही ती. त्या बाजूचा साधारण ३०० मीटर रुंदीचा पट्टा आपला. त्यापलीकडचे पक्षी वेगळे लिहायचे.

२. पाण्यावर बसलेले पक्षी सलग मोजा. उडणारे मात्र ठरावीक वेळाने, फोटो काढावा तसे एका क्षणात मोजायचे. ते बोटीपेक्षा वेगाने जातात. सलग मोजत बसलो तर नवे नवे पक्षी पट्ट्यात शिरत राहतात आणि आकडा फुगतो.

३. बोटीमागे लागलेले पक्षी वेगळ्या रकान्यात. लोक गाठी, वेफर टाकतात म्हणून ते लांबून आलेले असतात. आपणही खाऊ टाकायचा नाही. ते त्यांचं अन्न नव्हे, आणि आपली मोजणीही बिघडते.

४. वेळ, वारा, लाटा, धुकं यांची नोंद हवीच. लाटांवर पांढरा फेस असला, की डॉल्फिनची पाठ समोर असूनही दिसत नाही.

वर्गात करायचं गणित

समजा, बोटीचा वेग ताशी १८ किलोमीटर आहे. म्हणजे मिनिटाला ३०० मीटर. समोरचे ३०० मीटर पाहत दर मिनिटाला एकदा मोजलं, तर मधला भाग सुटत नाही आणि दुबारही होत नाही. २० मिनिटांत बोट ६ किलोमीटर जाते. पट्टा ०.३ किलोमीटर रुंद, म्हणून क्षेत्रफळ १.८ चौरस किलोमीटर. त्यात ९ पक्षी मिळाले, तर दर चौरस किलोमीटरला ५. क्षेत्रफळाचं सूत्र कशाला शिकायचं, असं मग कोणी विचारणार नाही!

शून्य लिहायला शिकवा

सगळ्यांत अवघड धडा हा. दहा मिनिटं काहीच दिसलं नाही तर मुलं कंटाळतात, रकाना रिकामा सोडतात किंवा अंदाजे दोन-चार पक्षी लिहून टाकतात. रिकाम्या रकान्यातून काहीच कळत नाही. पाहिलंच नाही, की पाहूनही दिसलं नाही? शून्य लिहिलं तर कळतं, की इथे कोणीतरी लक्ष देऊन पाहत होतं. पुढे कधी पक्षी कमी झाले, तर ते याच शून्यांवरून समजेल. "एवढेच दिसले?" असं आपण म्हणालो, की पुढच्या वेळी मूल आकडा वाढवूनच आणतं. त्यापेक्षा "नीट पाहिलंस ना? मग शून्य लिही," असं म्हणू या.

बोटीवर मुलं कठड्यावर चढणार नाहीत, याकडे एका मोठ्या माणसाने फक्त लक्ष ठेवावं. मोजणी त्याच्याकडे देऊ नये.