हरणांसाठी हंगाम ठरवायचा तर...

ऑक्टोबर-नोव्हेंबरात रब्बी ज्वारीचे कोंब वर आले की उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नज, मार्डी, वडाळा, अकोलेकाटी या भागात शेतकऱ्यांची राखण सुरू होते. माळावरचे काळविटांचे कळप पहाटे आणि तिन्हीसांजेला शेतात उतरतात, कोवळा पाला आणि हरभऱ्याचे शेंडे खुडतात, आणि जेवढे खातात तेवढेच तुडवतात. काही ठिकाणी पुन्हा पेरणी करावी लागते. अशा वेळी गावात एक प्रश्न हमखास निघतो. रानडुकराला मारण्याची परवानगी मिळू शकते, मग हरणाला का नाही? परदेशात हरणांच्या शिकारीचा रीतसर हंगाम असतो, तसा आपल्याकडे का असू नये?

प्रश्न रागातून आलेला असला तरी त्याला उत्तर आहे. ते शोधताना शिकारीचा हंगाम मुळात कशावर ठरतो, बंदुकीचा हंगाम छोटा आणि धनुष्यबाणाचा लांब का असतो, आणि हे गणित सोलापूरच्या माळावर कितपत लागू पडते, हे पाहावे लागते.

जेवढे हत्यार प्रभावी, तेवढे दिवस कमी

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात हरणांच्या शिकारीचे वेळापत्रक हत्यारानुसार वेगवेगळे असते. धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होतो आणि जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. बंदुकीचा पारंपरिक हंगाम मात्र नोव्हेंबरमध्ये फक्त ९ दिवसांचा. त्यानंतर ठासणीच्या बंदुकीसाठी वेगळे १० दिवस.

यामागचे गणित सोपे आहे. समजा, एखाद्या भागातून वर्षाला १०० हरणे कमी केली तरी कळपाला धक्का लागणार नाही, असे मोजणीतून दिसले. शिकारी १०० आहेत. रायफल असेल तर सरासरी दहा शिकाऱ्यांमागे रोज एक हरीण पडते असे धरू. म्हणजे दिवसाला १० हरणे, आणि दहा दिवसांत कोटा पूर्ण. धनुष्याचा पल्ला मोजक्या मीटरांचा. शिकाऱ्याला तासन्‌तास दबा धरून बसावे लागते. पन्नास शिकाऱ्यांमागे रोज एक हरीण पडते असे धरले, तर दिवसाला दोनच. तीच १०० हरणे मारायला ५० दिवस लागतील. हंगाम पाचपट लांब असूनही कळपावरचा भार तेवढाच.

या हिशेबात आणखी एक रकाना असतो, जखमी होऊन निसटलेल्या जनावरांचा. बाण प्रामुख्याने रक्तस्रावाने मारतो, गोळी ऊती फाडून. नेम चुकला तर जनावर पळते आणि दूर कुठेतरी मरते. ते कोणाच्याच नोंदीत येत नाही. म्हणून हंगाम ठरवताना नोंदलेल्या शिकारीत हे न दिसणारे मृत्यूही मिळवावे लागतात.

तिसरा मुद्दा नर-मादीचा. एक नर अनेक माद्यांना पुरतो. त्यामुळे केवळ नर मारल्याने कळपाची वाढ फारशी थांबत नाही. संख्या खरोखर कमी करायची असेल तर माद्या कमी कराव्या लागतात, म्हणून तिकडे मादीसाठी वेगळे परवाने दिले जातात. शिकाऱ्याला मात्र शिंगे हवी असतात. शौकाची शिकार आणि पिकाचे संरक्षण यांचे हितसंबंध इथेच वेगळे होतात.

काळवीट आणि तिकडचे हरीण

आपण बोलताना चितळ, सांबर, काळवीट या सगळ्यांनाच हरीण म्हणतो. शास्त्रीय वर्गीकरणात चितळ आणि सांबर सारंग कुळातले. त्यांची फाटे फुटलेली शिंगे गळतात आणि पुन्हा येतात. काळवीट गाय, शेळी यांच्या कुळातले. त्याची पीळदार शिंगे जन्मभर टिकतात.

हंगामाच्या दृष्टीने शिंगांपेक्षा प्रजननातला फरक महत्त्वाचा. अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे मीलन मुख्यतः नोव्हेंबरच्या सुमारास होते आणि पाडसे मे-जूनमध्ये जन्मतात. थंडीमुळे निसर्गानेच त्याला वेळापत्रक घालून दिले आहे. शरद ऋतूपर्यंत पाडसे आईविना जगण्याइतकी मोठी होतात. त्यामुळे शिकारीचा काळ कुठे बसवायचा, हे तिथे बऱ्यापैकी स्पष्ट असते.

काळविटाची गोष्ट वेगळी. त्याचे प्रजनन वर्षभर चालते. काही महिन्यांत ते वाढते, पण पूर्ण थांबत नाही. गर्भकाळ सुमारे सहा महिन्यांचा आणि बहुधा एका वेळी एकच पाडस. जन्मानंतरचे पहिले काही आठवडे पाडस गवतात निपचित दडून राहते आणि आई फक्त पाजायला येते. म्हणजे वर्षाचा कोणताही महिना निवडला तरी कळपात काही माद्या गाभण असणार आणि काहींची पाडसे गवतात वाट पाहत असणार. ‘या काळात मारले तर चालेल’ अशी स्वच्छ फट काळविटाच्या वर्षात सापडत नाही.

रानडुकराशी तुलना करताना हेही लक्षात घ्यावे लागते. रानडुकराची मादी एका वेतात अनेक पिल्ले देते आणि घटलेली संख्या लवकर भरून काढते. एकेक पाडस देणाऱ्या काळविटाला ते जमत नाही.

हंगाम आपल्याकडेही होता

शिकारीचा बंद काळ ही कल्पना भारताला नवी नाही. ब्रिटिश काळातील १९१२ च्या वन्यपक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने प्रांतिक सरकारांना हरणे, कुरंग, ससे अशा प्राण्यांसाठी बंद काळ जाहीर करण्याचा अधिकार दिला. मुंबई राज्याने १९५१ मध्ये स्वतःचा कायदा केला. संस्थानांत वेगळीच तऱ्हा होती. कोल्हापूर दरबारात काळविटावर शिकवलेले चित्ते सोडत, आणि त्यासाठी चित्तेवानांची घराणी पोसलेली होती.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही सुरुवातीला शिकारीचे परवाने होते. बंद काळ जाहीर करण्याची तरतूद होती, मादी आणि पिल्लांच्या शिकारीवर निर्बंध होते, आणि हत्यारांचे नियमही होते. वाहनातून, रात्री, पाणवठ्यावर किंवा फासे आणि विष वापरून शिकार करण्यास मनाई होती. मोठ्या जनावरांसाठी रायफलच वापरावी, असा दंडक होता. १९९१ च्या दुरुस्तीने ही परवान्यांची सगळी कलमे वगळली आणि हंगाम ही संकल्पनाच कायद्यातून गेली.

ती जाण्यामागे अनुभव होता. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बारानंतर दारू आणि छर्रे नव्याने ठासावे लागतात, तेवढ्यात कळप दूर जातो. हत्यार स्वतःच शिकारीला मर्यादा घालते. पण स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत जीपगाड्या, झगझगीत दिवे आणि लांब पल्ल्याच्या रायफली माळरानांवर आल्या आणि ही मर्यादा उरली नाही. ताशी ७०-८० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या काळविटाचा सगळा बचाव उघड्या मैदानात पळण्यावर आहे. रात्री दिव्याने दिपलेल्या कळपापुढे जीप उभी राहिली की तो बचाव संपतो. देशातल्या अनेक भागांतून काळवीट याच काळात दिसेनासे झाले. कायदा कागदावर होता, पण त्यातले दिवस जुन्या हत्यारांच्या वेगाने मोजलेले होते.

हत्यारानुसार हंगाम ठरवण्याचे जिवंत उदाहरण महाराष्ट्रात आजही आहे, मात्र ते समुद्रावर. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, बिगरयांत्रिक पारंपरिक नौकांना त्यातून सूट मिळते. तत्त्व तेच. साधन जितके जास्त ओढणारे, तितकी त्याला विश्रांती जास्त.

आज कायदा काय म्हणतो

रानडुकराला परवानगी मिळते आणि काळविटाला नाही, याचे कारण कायद्याच्या अकराव्या कलमात आहे. काळवीट अनुसूची १ मध्ये आहे. या अनुसूचीतील प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला, किंवा बरा न होण्याइतका जखमी अथवा आजारी असला, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. उभ्या पिकाचे नुकसान हे कारण तिथे चालत नाही. रानडुक्कर आणि रोही अनुसूची २ मध्ये असल्याने त्यांच्याबाबत पिकाचे नुकसान ग्राह्य धरले जाते. काळवीट मारल्यास किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद आहे.

कायदा बदलता येतो, हे खरे. पण बदलला तरी सोलापुरात दोन अडचणी उरतात. पहिली, जमिनीची. रायफलीची गोळी नेम चुकल्यास दोन-तीन किलोमीटरही जाऊ शकते. नान्नजचा परिसर सपाट. मध्ये टेकडी नाही, दाट झाडी नाही. शेतात खुरपणाऱ्या बाया, माळावर मेंढरे घेऊन फिरणारे धनगर, बांधावरून शाळेला जाणारी मुले. अमेरिकेतही इलिनॉय, ओहायो यांसारख्या सपाट शेतीच्या राज्यांत अनेक वर्षे हरणांसाठी लांब पल्ल्याच्या रायफलींना बंदी ठेवून शॉटगनच वापरू दिली गेली, त्याचे कारण हेच. दुसरी अडचण माळाच्या अन्नसाखळीची. या गवताळ प्रदेशात लांडगा आहे. त्याचे रानातले भक्ष्य कमी झाले तर तो शेळ्या-मेंढ्यांकडे अधिक वळेल. एका शेतकऱ्याचे पीक वाचवताना दुसऱ्याचे मेंढरू जायचे.

शिकारीच्या मांसाचा आरोग्याशीही संबंध आहे. शिशाची गोळी हाडावर आदळली की तिचे डोळ्यांना न दिसणारे कण मांसात दूरवर पसरतात. जखमेभोवतीचा भाग कापून टाकला तरी काही उरतात. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि त्याचे सुरक्षित म्हणावे असे प्रमाण नाही. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. अमेरिकेतील हरणांत प्रायॉन या सदोष प्रथिनांमुळे होणारा, जनावराला खंगवून मारणारा एक रोगही पसरला आहे. तो माणसाला झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरीही बाधित भागातील मांस तपासूनच खावे, असा सल्ला तिथे दिला जातो.

मग ज्वारीचे काय?

काळविटांची बाजू शास्त्राने मांडली म्हणजे शेतकऱ्याचे नुकसान खोटे ठरत नाही. १९७९ मध्ये माळढोकासाठी नान्नज परिसर अभयारण्य झाला. दुष्काळप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून राखलेल्या गवताच्या कुरणांत माळढोक पुढे अगदी कमी होत गेला, काळवीट मात्र टिकले आणि वाढले. या संरक्षणाची किंमत आसपासच्या कोरडवाहू शेतकऱ्यांनी दर हंगामात मोजली. दुसरीकडे उजनीच्या पाण्याबरोबर जिल्ह्यात ऊस पसरला, माळ नांगरले गेले आणि चरायचे गवत आक्रसले.

शेतकरी करतात त्यातला सर्वांत धोकादायक उपाय म्हणजे कुंपणात थेट घरगुती वीज सोडणे. ती बेकायदा आहे आणि माणसांचाही जीव घेते. २३० व्होल्टचा प्रवाह सलग वाहतो, स्नायू आखडतात आणि धरलेली तार सुटत नाही. सौर कुंपणात व्होल्टेज काही हजारांचे असले तरी झटका सेकंदाच्या अत्यंत छोट्या अंशापुरता येतो आणि मध्ये सुमारे सेकंदभराची उसंत असते. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. मात्र तारांवर गवत चढू न देणे आणि बॅटरी सांभाळणे ही रोजची कामे आहेत. ती एकट्यादुकट्याला जड जातात, शेजारच्या शेतांनी मिळून कुंपण घातले तर परवडतात.

कळप पकडून हलवण्याचा मार्गही आहे. मध्य प्रदेशातील शाजापूर भागात २०२५ मध्ये हेलिकॉप्टरने कळप हाकत नरसाळ्यासारख्या कापडी आडोशातून वाहनांपर्यंत नेण्यात आले. या पद्धतीला आफ्रिकेत ‘बोमा’ म्हणतात. काळवीट अतिशय भित्रे. धरपकडीच्या धक्क्याने त्याचे तापमान वाढते, स्नायू विघटित होतात, मूत्रपिंडे निकामी होतात आणि सुटल्यानंतरही ते मरू शकते. त्यामुळे हे काम तज्ज्ञांनीच आणि थंड वेळी करायचे असते. शिवाय हलवलेल्या कळपासाठी पुरेसे गवत असलेली जागा आधी तयार हवी.

महाराष्ट्रात हरणांनी केलेल्या पीक नुकसानीची भरपाई मिळते. तक्रार असते ती वेळेची. कोंब खाल्लेल्या शेताचा पंचनामा आठवडाभराने झाला, तर तोवर पीक फुटलेले असते किंवा शेत पुन्हा पेरलेले असते. दाखवायला काही उरत नाही. ज्वारीचे नाजूक दिवस तर आधीच ठाऊक आहेत. उगवणीनंतरचे पहिले काही आठवडे, आणि नंतर कणसे हुरड्यात येतात तो काळ. त्या दिवसांत पंचनाम्याची पथके गावात हजर ठेवणे, कुंपणाच्या तारा पेरणीआधी ताणून घेणे, कळपांची मोजणी गावकऱ्यांना सोबत घेऊन दरवर्षी त्याच महिन्यात करणे, ही कामे तारखा लावून करता येण्यासारखी आहेत. सोलापूरच्या माळाला हंगाम ठरवून द्यायचाच असेल, तर तो या राखणीचा ठरवता येईल.