एका ‘तू’ची हकीकत

कुर्दी भाषेत नावाला ‘नाव’च म्हणतात, दहाला ‘दह’ म्हणतात आणि ‘तू’ला तर चक्क ‘तू’! मराठी शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला अशी दूरची नाती शोधण्याचा नाद असतो. वर्गात हे सांगितले की मुले हसतात. पुढे याच ‘तू’ नावाच्या एका कादंबरीची हकीकत सांगू लागलो, की वर्ग हळूहळू गप्प होतो.

कुर्द लोक तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया या चार देशांत विखुरलेले. तुर्कस्तानात तर वर्षानुवर्षे त्यांचे वेगळे अस्तित्वच सरकारला मंजूर नव्हते; ‘पहाडी तुर्क’ म्हणून त्यांची बोळवण होई. अशा त्या देशात सिव्हेरेक या गावी १९५३ साली मेहमेद उझून जन्मले. घरात सगळे कुर्दी बोलणारे. सातव्या वर्षी मेहमेद शाळेत गेला आणि पहिल्याच दिवशी कुर्दी बोलल्याबद्दल त्याने थोबाडीत खाल्ली. आमचे मास्तरही हात चालवीत, नाही असे नाही. पण ते पाढे चुकले म्हणून. आईची भाषा तोंडातून निघाली म्हणून नव्हे!

१९७१ साली लष्कराने सरकारला पायउतार व्हायला लावले. धरपकड सुरू झाली आणि १९७२ मध्ये उझून दियारबकिरच्या लष्करी तुरुंगात येऊन पडले. वय विशीच्या आतले. त्या तुरुंगात मुसा अंतेर हे वडीलधारे लेखक होते. कुर्दीत एक कविता छापल्यावरून १९५९ सालीच त्यांच्यावर बालंट आले होते. अशा मंडळींच्या संगतीत उझून प्रथमच कुर्दी लिहावयास व वाचावयास शिकले. शाळेने दिली नाही ती अक्षरे त्यांना कोठडीत मिळाली.

सुटल्यावर एका कुर्दी मासिकापायी पुन्हा तुरुंग झाला. १९७७ साली त्यांनी देश सोडला व स्वीडन गाठले. १९८१ मध्ये त्यांचे तुर्की नागरिकत्वही काढून घेण्यात आले. त्या परक्या, बर्फाळ मुलखात हा गृहस्थ कुर्दी शब्द वेचीत बसला! म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या बोलण्यातले, शाहिरांच्या गाण्यांतले शब्द. त्यातून १९८५ साली ‘तू’ प्रसिद्ध झाली. तिच्यातला कैदी कोठडीतल्या एका किड्याशी बोलतो. मायबोलीत बोलायला दुसरे कोण होते?

इकडे १९८० साली लष्कराने पुन्हा सत्ता घेतली होती. १९८३ च्या कायद्याने कुर्दीवर जी बंदी आली, ती उठली १९९१ मध्ये. त्याच वर्षी लैला झाना या तरुण महिला खासदाराने लोकसभेत शपथ घेतली आणि शेवटी तुर्क व कुर्द यांच्या बंधुभावाविषयी एक वाक्य कुर्दीत उच्चारले. सभागृहात हलकल्लोळ झाला. १९९४ मध्ये त्यांना पंधरा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. सुटका व्हायला २००४ साल उजाडले. तोवर मुसा अंतेरही राहिले नव्हते. १९९२ मध्ये दियारबकिरमध्येच त्यांना गोळ्या घातल्या गेल्या.

उझून यांना पोटाचा कर्करोग झाला. २००६ साली, आजारीच, ते दियारबकिरला परतले आणि २००७ च्या ऑक्टोबरात तेथेच निवर्तले. त्यांच्या अंत्ययात्रेला हजारो माणसे लोटली.

मुलांना मी आणखी एक गोष्ट सांगतो. १९८० नंतर त्या तुरुंगांत भेटीला येणाऱ्यांनाही तुर्कीतच बोलावे लागे. खेड्यातल्या आयांना तुर्कीचे अक्षर येत नसे. त्या गजाआडच्या मुलाकडे नुसत्या बघत बसत आणि वेळ संपली की उठून जात. त्यांतली एक माता मुलाचे नाव आणि ‘कसा आहेस?’ एवढेच तुर्की शब्द घोकून आली. भेट संपेपर्यंत तेच एक वाक्य ती पुनःपुन्हा म्हणत राहिली. कधी काळजीने, कधी लाडाने, कधी निरोपाच्या सुरात.

यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, मग त्या मुलाने काय उत्तर दिले?”

तुर्कीतच दिले असणार. आणि ते त्या माउलीला समजले नसणार.